पहिलं शून्य, शेवटचं शून्य

सप्रेम नमस्कार,

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरातलं, घड्या घातलेलं माहितीपत्रक असतं. ती पत्रकं छपाईआधी तपासण्याचं काम मी १९ वर्षं केलं. पहिलं वाचन दुसरं कुणी करायचं, दुसरं माझ्याकडे यायचं. गेल्या महिन्यात कंपनीचा मेल आला. माझी 'पोझिशन' 'रिडंडंट' झाली आहे, असं त्यात होतं. म्हणजे काय ते कळलं, तरी रात्री कोश पुन्हा उघडला. 'अनावश्यक, फाजील, निरुपयोगी, पुनरुक्त.' खाली इंग्रजी समानार्थी शब्दांची ओळ : सुपरफ्लुअस, सरप्लस, एक्सेसिव्ह, अननेसेसरी. तेव्हापासून ते पान डोळ्यांसमोरून हलत नाही. १९ वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातले जादा शब्द खोडले, आता रेघ माझ्यावरच ओढली गेली.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळे शब्द खरंच एका अर्थाचे आहेत का? लोक विचारतात तेव्हा झालेलं मराठीत कसं सांगू? 'काढून टाकलं' हे तोंडातून निघत नाही. आणि मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना आहे. तो अजून कोराच आहे. तिथे काय लिहू?

नाव छापू नये ही विनंती.

— एक वाचक

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. हे शब्द एका अर्थाचे नाहीत. एका ओळीत छापलेले आहेत, एवढंच.

आपण कोशाला 'कोश' म्हणतो, म्हणजे भांडार, खजिना. इंग्रजीतल्या 'थिसॉरस'चा मूळ ग्रीक अर्थही तोच. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये इंग्रजी शब्दांचं असं भांडार छापलं आणि जवळजवळच्या कल्पनांचे शब्द शेजारी शेजारी मांडले. लिहिणाऱ्याला नेमका एक उचलता यावा, हा त्यामागचा हेतू. तुम्ही मात्र त्या रात्री ओळीतला प्रत्येक शब्द उचललात आणि स्वतःच्या अंगावर चढवलात. कामात तुम्ही असं कधी केलं नसतंत. मूळ प्रतीत 'गोळी' असताना प्रूफात 'कॅप्सूल' आलं, तर दोन्ही तोंडातूनच घ्यायचं म्हणून ते सोडून दिलं असतंत का?

आता एकेक शब्द पाहू. 'सुपरफ्लुअस' आणि 'रिडंडंट' दोन्ही लॅटिन आणि दोन्ही पाण्याचे. पहिल्यात 'वरून वाहणं' आहे, म्हणजे भांडं काठोकाठ भरल्यावर बाहेर सांडतं ते पाणी. दुसऱ्याच्या पोटात 'उंडा' आहे, लॅटिनमधली लाट. आपल्या 'उदक'शी तिचं नातं लागतं. लाट येते, भरते, पुन्हा उसळते, त्यावरून 'रिडंडंट'. याच लाटेतून 'अबंडंट' हा शब्द निघाला, समृद्ध, मुबलक अशा अर्थाचा. 'इनंडेट', म्हणजे पुराने बुडवणं, हाही तिथलाच. इतकंच काय, वेढणं या अर्थाचा 'सराउंड'सुद्धा मुळात 'वरून वाहून जाणं' असाच होता. पाणी एकच. कुठे त्याला सुबत्ता म्हटलं, कुठे सांडपाणी.

मराठीत हे अधिक चांगलं दिसतं. आनंद ओसंडतो आणि दूध उतू जातं. दोन्हींकडे भांड्याला मावेना इतकं झालंय. पण 'ओसंडणं' म्हणताना चेहरा फुलतो, 'उतू जाणं' म्हणताना हात आधी शेगडीकडे जातो. 'त्याची गुर्मी उतू चाललीय' असं आपण म्हणतो, माया उतू जाते असं सहसा म्हणत नाही. म्हणजे काठाबाहेर जाणं ही घटना झाली. ती चांगली की वाईट ते कुणीतरी बाहेरून ठरवतं. तुमच्या मेलमध्येही तेच झालंय. कामाचं पाणी काठाबाहेर गेलं, असं कुणीतरी ठरवलं.

तरी या दोन शब्दांत फरक आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. 'सुपरफ्लुअस' म्हणजे गरज पुरती भागल्यावर उरलेलं. 'रिडंडंट' म्हणजे जे काम होतं आहे, तेच करणारं आणखी एक काही. पहिल्याला कामच नाही. दुसऱ्याला काम आहे, पण ते आणखी कुणीतरीही करतं आहे. बाकीच्यांवर इतका वेळ नको. 'सरप्लस' हा हिशेबाच्या वहीतला शब्द, शिल्लक किंवा वाढावा. व्यापारात तो मिरवण्यासारखाच असतो. 'एक्सेसिव्ह' म्हणजे मर्यादेबाहेर गेलेलं. तुमच्या मेलशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो ओळीत आहे म्हणून आहे. 'अननेसेसरी' हा निव्वळ अभिप्राय, कुणाला गरज नाही ते न सांगणारा. तुमच्या ओळीत नसलेला एक मात्र सांगते, 'सुपरन्यूमररी', ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त असलेला. दंतवैद्य तो जादा दातासाठी वापरतात. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध कधीकधी एक जास्तीचा दात येतो. दात म्हणून तो अगदी खरा असतो, फक्त मोजणीत बसत नाही.

तुम्हाला जास्त लागले ते मराठी अर्थ असणार, कारण मराठी शब्द पोटातून येतात. त्यांचीही जरा विचारपूस करू.

'फाजील' हा अरबीतून आलेला. अरबीत 'फाजिल' म्हणजे उरलेला, जास्तीचा आणि त्याच शब्दाने श्रेष्ठ, विद्वान माणूसही. 'आलिम-फाजिल' म्हणतात तो हाच. इतरांपेक्षा ज्याच्याकडे जास्त आहे, तो श्रेष्ठ, असा त्यामागचा विचार. मराठीत येताना विद्वान मागे राहिला आणि फाजील लाड, फाजील आत्मविश्वास एवढेच उंबरठा ओलांडून आत आले. म्हणून हा शब्द मराठीत कायम रागे भरल्यासारखा वाटतो.

'अतिरिक्त'चं तर विशेषच आहे. त्यात 'रिच्' धातू आहे, रिकामं करणं, सोडणं, उरणं या अर्थांचा. 'रिक्त' त्यातूनच आला. म्हणजे 'रिक्त पद' आणि 'अतिरिक्त पद' सख्खी भावंडं आहेत. एका कागदावर जागा आहे आणि माणूस नाही, दुसऱ्या कागदावर माणूस आहे आणि जागा नाही. दोन्ही वेळा बोललं जातं ते जागेबद्दल. 'अतिरिक्त' हा मला या सगळ्यात सर्वांत सभ्य शब्द वाटतो. त्यात शिवी नाही.

शिव्या हव्याच असतील तर मराठीत त्यांचा दुष्काळ नाही. खोगीरभरती, पाल्हाळ, चऱ्हाट, नमनाला घडाभर तेल. संस्कृतातून आलेलं पिष्टपेषण, म्हणजे पीठ पुन्हा दळणं आणि चर्वितचर्वण, चावलेलंच चावणं. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या स्तनांवरून केलेला अजागलस्तनन्याय. वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तर मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं वचन याच परंपरेतलं आहे आणि काव्याच्या दोषांमध्ये 'अधिकपद' हा दोष संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने नोंदवला आहे. वाया जाणाऱ्या शब्दाचा इतका राग आपण वारशात घेतला आहे. तुमच्या हातातली लाल पेन्सिल त्याच वारशातली. म्हणून रेघ स्वतःवर आल्यासारखी वाटली, तेव्हा ती बरोबरच असणार, असं तुमच्या मनाने आधीच धरून टाकलं.

इथे मला तुम्हाला थांबवायचं आहे.

तुमच्याच टेबलावरचं एक उदाहरण घेते. प्रूफात मात्रा लिहिलेली असते : ०.५ मिलिग्रॅम. टिंबाच्या डाव्या बाजूचं शून्य पाहा. गणितात त्याची गरज नाही. .५ आणि ०.५ यांची किंमत एकच. शब्दांवर कात्री चालवणारा कुणी नवखा आला, तर ते शून्य पहिल्यांदा खोडेल. पण टिंब फार लहान असतं. छपाईत पुसट उठतं, कागदाच्या घडीवर येतं, घाईत वाचणाऱ्याला दिसत नाही. टिंब हरवलं की .५ चे ५ होतात, मात्रा दहापट. डावीकडे शून्य असलं तर डोळा अडतो, '०५' असं काही नसतं म्हणून माणूस पुन्हा पाहतो.

आता दुसरं शून्य : ५.० मिलिग्रॅम. उजव्या बाजूचं हे शून्यही गणिताने गरजेचं नाही. इथे टिंब हरवलं की ५.० चे ५० होतात. पुन्हा दहापट आणि या वेळी घात त्या शून्यानेच केला. म्हणून औषधाच्या लेखनात डावीकडचं शून्य लिहायचंच आणि उजवीकडचं लिहायचं नाही, असा दंडक आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 'असं लिहू नका' अशी यादी २००४ मध्ये लागू केली, त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. तुम्हाला हे तोंडपाठ असेल. इतर वाचकांसाठी सांगितलं.

दोन शून्यं, दोन्हींची किंमत शून्य. शेवटचं सुपरफ्लुअस, वरून सांडलेलं, ते खोडायलाच हवं. पहिलं रिडंडंट आहे आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी औषध घेतं. तुमच्या कोशाने ही दोन शून्यं एका ओळीत बसवली. तुम्ही १९ वर्षं ती वेगळी करत होतात.

यंत्रं बांधणाऱ्यांच्या बोलण्यात 'रिडंडन्सी' हा कौतुकाचा शब्द आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये उड्डाण सांभाळणारे ५ संगणक होते. त्यांतले ४ एकच प्रोग्रॅम चालवून तेच गणित करायचे आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहायचे. पाचव्यावर वेगळा लिहिलेला प्रोग्रॅम होता, चारही एकाच चुकीने फसले तर असावा म्हणून. संगणकातली माहिती अनेक डिस्कवर राखून ठेवण्याच्या 'रेड' या पद्धतीच्या नावात तर पहिलाच शब्द 'रिडंडंट' आहे. एक डिस्क गेली तरी माहिती जात नाही, असा तिचा मोठेपणा सांगितला जातो. कुणी तिला फालतू डिस्क म्हणत नाही.

पुस्तकाच्या मागे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक असतो, १३ अंकी. त्यातला शेवटचा अंक पुस्तकाबद्दल काहीच नवीन सांगत नाही. आधीच्या १२ अंकांवरून तो काढता येतो. १३ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली तर तिला १० ने भाग जायला हवा, एवढ्याचसाठी तो तिथे आहे. लिहिताना एखादा अंक चुकला की बेरीज बिघडते आणि चूक उघडी पडते. ताई, दुसरं वाचन म्हणजे तो तेरावा अंक. नवीन काही न सांगणं हेच त्याचं काम.

आणि भाषा? १९४८ मध्ये अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचं गणित मांडलं, तेव्हा इंग्रजी लेखनातली रिडंडन्सी ढोबळमानाने ५० टक्के धरली. लिहिताना जवळजवळ निम्मी अक्षरं आपण निवडतो आणि निम्मी भाषेच्या घडणीमुळे आपोआप येतात. मोठी शब्दकोडी रचता येतात की नाही, हेही याच प्रमाणावर ठरतं, असंही त्यांनी दाखवलं. मराठीत मोजणी न करताही हे कळतं. 'ती मोठी मुलगी आली' हे वाक्य घ्या. स्त्रीलिंग या चार शब्दांत चार वेळा सांगितलं आहे. ती, मोठी, मुलगी, आली. एकदा सांगून भागलं असतं. पण फोनवर खरखर आहे, मागे कुणी ओरडतंय, तुम्हाला ऐकू आलं '...मोठी मु... आली', तरी कोण आली ते कळलं. मुलगा की मुलगी हा घोळ झालाच नाही. भाषेने ही उधळपट्टी पिढ्यान्पिढ्या जपली, कारण माणसं शांत खोलीत कमी आणि गोंगाटात जास्त बोलतात.

म्हणून 'तेच पुन्हा' म्हटलं की कात्री लावायची, हे मला पटत नाही. 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' यांवर रेघ मारा, मीही मारते. 'विंध्याचल पर्वत' लिहिणाऱ्याला मी एकदा सांगून पाहते, अचल म्हणजेच पर्वत. 'पिन नंबर'मध्ये नंबर दोनदा आला आहे, पण त्याला आता हात लावत नाही, लोकांना तो तसाच लागतो. 'बाजारहाट' मात्र मी कुणाला खोडू देत नाही. बाजार फारसी, हाट आपला. 'कागदपत्र', 'धनदौलत' यांतही एक बाहेरचा, एक घरचा. दोन बोली बोलणारे एका दारात भेटले तेव्हा दोघांना कळावं म्हणून दोन्ही शब्द जोडीने उभे राहिले, असं मला ते शब्द वाचताना वाटतं. इंग्रजी कायद्यातल्या 'विल अँड टेस्टामेंट'चीही तीच कथा. 'विल' जुन्या इंग्रजीतला, 'टेस्टामेंट' लॅटिनमधून आलेला, अर्थ एकच, मृत्युपत्र. 'गुड्स अँड चॅटल्स'मध्ये एक इंग्रजी, एक फ्रेंच. १०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे राज्य करू लागले. दोन भाषांच्या त्या कायद्यात असे जोडशब्द रुळले आणि आजही दस्तऐवजात तसेच आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं असलं तरी कंपनीने हिशेब केलाच असेल ना, मला काढून पाहिलं आणि काही अडलं नाही. शब्दाच्या बाबतीत आपण हीच कसोटी वापरतो. शब्द झाकायचा, वाक्य वाचायचं, अर्थ तसाच राहिला तर शब्द जादा. वाक्यासाठी ही कसोटी चांगली आहे. राखणीच्या वस्तूंना ती लागू पडत नाही. गाडीतली स्टेपनी घ्या. हा शब्दच एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जास्तीचं चाक विकायला काढलं. त्याआधी मोटारी जास्तीच्या चाकाशिवायच येत आणि चाक फसलं की तिथेच रस्त्यावर दुरुस्ती करत बसावं लागे. आता स्टेपनी काढून गाडी चालवून पाहा. काही अडत नाही. उलट गाडी हलकी होते, मागे सामानाला जागा होते. महिनाभर काही होणार नाही, कदाचित वर्षभरही. ती महिनाभर लागली नाही, यावरून ती नको होती हे सिद्ध होत नाही.

यावरून तुमची कंपनी चुकली, असा निकाल मी देत नाही. तिथे आता दोन मजकूर ताडून पाहणारं सॉफ्टवेअर आलं असेल, किंवा पत्रकंच कमी झाली असतील. मी ते पाहिलेलं नाही. पण 'रिडंडंट'चे जे अर्थ तुम्ही स्वतःला लावलेत, त्यांतला 'निरुपयोगी' तुम्हाला लागू नाही, हे मला ठाम माहीत आहे. 'पुनरुक्त' लागू आहे. तुमचं काम पुनरुक्तीचंच होतं. तेवढ्याचसाठी तुम्हाला नेमलं होतं.

नोकरीच्या संदर्भात हा शब्द रुळला तो ब्रिटनमध्ये. १९६५ साली तिथे 'रिडंडन्सी पेमेंट्स अ‍ॅक्ट' झाला, काम बंद पडल्यामुळे ज्यांची नोकरी गेली त्यांना सेवेच्या काळाप्रमाणे भरपाई मिळावी म्हणून. आज तिथे १९९६ चा 'एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट' आहे. त्याच्या १३९ व्या कलमातली व्याख्या सगळी कामाभोवती फिरते. मालकाने धंदा बंद केला, त्या ठिकाणचा बंद केला, किंवा एखाद्या प्रकारचं काम करणाऱ्यांची गरज संपली वा घटली, यांतलं काही असलं तरच 'रिडंडन्सी'. माणसाची कुवत आणि माणसाची वागणूक ही नोकरी जाण्याची कारणं त्याच कायद्यात वेगळी लिहिली आहेत. म्हणजे 'रिडंडंट' असं लिहिलं की कुवत आणि वागणूक यांबद्दल तक्रार नाही, हे त्यातच आलं. तुमच्या मेलमध्येही 'पोझिशन' रिडंडंट आहे. कर्ता पाहा, ताई. वाक्याचा कर्ता तुम्ही नाही आहात.

हे वाचून पगार परत येत नाही, हे मला कळतं. १९ वर्षांची सकाळची वेळ अचानक मोकळी होते, तेव्हा हात कशाला लावावा तेच सुचत नाही. मीही एकदा अशी घरी बसले आहे. तेव्हा मला कुणी शब्दाची व्युत्पत्ती सांगितली असती तर मी रडलेच असते. म्हणून कामाच्या दोन गोष्टी सांगते. तो मेल जपून ठेवा. कंपनीकडून सेवेचं पत्र मागून घ्या आणि त्यात 'पद रद्द केल्यामुळे सेवा संपली' हे कारण स्पष्ट लिहून मागा. पुढच्या नोकरीत हे एक वाक्य फार उपयोगी पडतं. देणं-घेणं, नोटीस, भरपाई यांचे नियम तुमच्या कराराप्रमाणे आणि तुम्ही राहता तिथल्या कायद्याप्रमाणे ठरतील. ते कामगार कायदा जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा, सही करायच्या आधी. अर्जात 'प्रूफ वाचण्याचा १९ वर्षांचा अनुभव' एवढंच लिहू नका. काय पकडत होतात ते लिहा : मात्रेतली टिंबं, एककं, मूळ प्रतीशी तफावत, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना गळलेला 'नाही'. औषधाचं किंवा कंपनीचं नाव न घेता हे सांगता येतं.

आता लोकांना काय सांगायचं. 'काढून टाकलं' नको. ते अर्थाने चूक आहे म्हणून नको. केर काढून टाकतात. 'कामावरून कमी केलं' हा प्रयोग पूर्वीपासून आहे. तो खोटा नाही, पण त्यातही कर्म तुम्हीच राहता. मी असते तर 'माझं पद रद्द झालं' किंवा 'आमच्याकडे दुसरं वाचन बंद केलं' असं म्हटलं असतं. दुसरं वाक्य मला जास्त आवडतं. खरं आहे, लहान आहे आणि ऐकणारा विचारतोच, 'दुसरं वाचन म्हणजे?' मग त्या दोन शून्यांची गोष्ट सांगा. जवळच्यांना मात्र सरळ सांगा, 'नोकरी गेली, वाईट वाटतंय.' तिथे शब्द निवडत बसू नका.

तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आहे, छापताना ते वाचकांना दिसणार नाही, म्हणून सांगते. 'कोश परत पुन्हा उघडला' असं लिहून तुम्ही 'परत'वर आडवी रेघ मारली आहे आणि समासात खूण केली आहे. शाई वेगळी आहे. म्हणजे लिहून झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, दुसरं पेन घेऊन तुम्ही पत्र परत वाचलंत.

तो रकाना भरा. व्यवसाय विचारला आहे, कंपनी विचारलेली नाही. रकाना अरुंद असेल, पण 'मुद्रितशोधक' त्यात मावतं.